मदत हवी आहे: पहिल्या महायुद्धाच्या पाटीवर आकडे आहेत, नावं कुठे शोधू?

आमच्या गावात चावडीच्या भिंतीत इंग्रजांच्या काळातली संगमरवरी पाटी आहे. १९१४ ते १९१९च्या लढाईवर किती गेले, किती कामी आले, एवढंच. नाव एकाचंही नाही. शेजारी नावांचा फलक लावायचाय.

कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या (महायुद्धांत कामी आलेल्या सैनिकांच्या नोंदी ठेवणारी संस्था) साइटवर शोधून झालं. स्पेलिंग मनाला येईल तसं, आडनाव बऱ्याचदा गायब. इराकमधल्या बसऱ्याच्या युद्धस्मारकाच्या यादीत जिल्हा जुळतो, गाव नाही. पलटण कुठली तेही माहीत नाही. घरोघर विचारलं, पदक किंवा कागद कुणाकडेच उरलेला नाही, त्यामुळे ‘आधी पलटण शोधा’ हा सल्ला इथे चालणार नाही.

मुंबई इलाख्यातल्या भरतीच्या किंवा पेन्शनच्या गाववार याद्या आहेत का? असल्यास पुणे की मुंबई पुराभिलेखागार, आणि कुठल्या खात्याचं दप्तर मागायचं?