परदेशी नोकरीसाठी निघताना घरातलं काय नेलं, काय ठेवलं?

मला श्टुटगार्टला तीन वर्षांची नोकरी मिळाली आहे. नवरा आणि आठ वर्षांची लेक बरोबर येणार. न्हावा शेवाहून शेअर्ड कंटेनरमधून ५ घनमीटर सामान नेण्याचा खर्च कंपनी देते. ऐकायला भरपूर वाटतं, पण आमची सहा बाय साडेसहा फुटांची, ६ इंच जाड गादीच अर्ध्या घनमीटरहून जास्त जागा घेते. नणंद म्हणते, "सगळं तिकडे मिळतं." शेजारच्या काकू म्हणतात, "पुरणयंत्र विसरू नकोस." दोघींचंही खरं असणार. मला तयार याद्या नकोत. तुम्ही स्वतः काय नेलं, कशाचा उपयोग झाला, काय नुसतं पडून राहिलं, मागे ठेवलेल्याचं काय झालं, ते कारणांसकट लिहा. देश कुठलाही चालेल.

म्युनिकहून

घर नक्की होईपर्यंत सामान ठरवू नका, हे सगळ्यात आधी. जर्मनीत भाड्याची पुष्कळ घरं स्वयंपाकघराशिवाय मिळतात. ओटा नाही, सिंक नाही, शेगडी नाही, छताला दिव्याच्या जागी नुसत्या वायरी. जाहिरातीत 'आइनबाउक्युशं' लिहिलेलं असेल तर हे सगळं बसवलेलं असतं. तुमच्या घरात काय आहे ते समजलं की निम्मे प्रश्न सुटतात.

वीज आपल्यासारखीच, २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झ, त्यामुळे आमचा मिक्सर आजही चालतो. आपली तीन गोल पिनांची प्लग मात्र तिथल्या सॉकेटमध्ये बसत नाही, तेव्हा अर्थिंगवाले अडॅप्टर लागतील. शेगडी इंडक्शनची असेल तर ॲल्युमिनियमचा कुकर निरुपयोगी. निघायच्या आधी मी लोहचुंबक घेऊन मांडणीसमोर उभी राहिले आणि प्रत्येक भांड्याच्या तळाला लावून पाहिला. चिकटला ते पेटीत, नाही ते सासूबाईंकडे. बिडाचा तवा आला, फक्त काचेच्या शेगडीवर तो उचलून ठेवायचा, ओढायचा नाही. पितळेची पातेली ठेवली, कारण त्यांना इथे कल्हई कोण करून देणार?

गादी आणू नका. इथले पलंग ९०, १४०, १६० सेंटीमीटर अशा रुंदीचे, आपल्या गाद्या आणि चादरी त्यांना बसत नाहीत.

आणखी एक. किमान ६ महिने वापरात असलेलं सामान घर हलवण्याच्या सवलतीत करमुक्त येतं आणि पुढचे १२ महिने ते विकता येत नाही. म्हणून 'तिकडे लागेल' म्हणत निघायच्या महिन्यात नवी खरेदी करण्याची आपली जी पद्धत आहे ती इथे उपयोगाची नाही. नवं काही घ्यायचंच असेल तर ते इथे येऊन घ्या.

२०२३च्या अखेरीस तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले, तेव्हापासून बरीच जहाजं आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागली. आमचं सामान त्याच काळातलं, फार उशिरा पोहोचलं. एक कुकर, एक कढई, पोळपाट-लाटणं, मिसळणाचा डबा आणि प्रत्येकी एक जाड पांघरूण विमानाच्या बॅगेतच ठेवा.

न्यू जर्सीहून

आम्ही कंटेनर घेतलाच नाही. इथे १२० व्होल्ट. आपला मिक्सर चालवायचा तर व्होल्टेज वाढवणारा जड ट्रान्सफॉर्मर ओट्यावर कायमचा ठेवावा लागतो. एडिसनच्या ओक ट्री रोडवर इथल्या विजेवर चालणारे भारतीय मिक्सर, कुकर, इडलीपात्र सगळं मिळतं. लॅपटॉप आणि मोबाइलच्या चार्जरवर '१००-२४०' छापलेलं असतं, ते बिनधास्त आणा.

माझा मुलगा तेव्हा सात वर्षांचा. त्याची मराठी गोष्टींची पुस्तकं आणली आणि दिवाळीच्या किल्ल्यावर मांडायची मातीची चित्रं, मावळे, तोफा, सिंहासनावरचे महाराज, एकेक स्वेटरमध्ये गुंडाळून. ऑक्टोबरात मागच्या अंगणात किल्ला झाला तेव्हा गल्लीतली पोरं माती आणायला धावली. मुलाचं घर कशानं होतं ते मुलाला विचारा. आमच्या यादीत ते शेवटी होतं, त्याच्या यादीत पहिलं.

(धागाकर्ती) लेकीला आजच विचारते. पुस्तकांचं वजन फार होईल का?

न्यू जर्सीहून

जहाजानं जात असतील तर घाबरू नका. शेअर्ड कंटेनरचा दर साधारणपणे घनमीटरवर असतो, त्यामुळे पुस्तकं परवडतात. उशा, टोपल्या, प्लॅस्टिकचे रिकामे डबे हलके असूनही महाग पडतात. डब्यांच्या आत कपडे भरा. विमानमालाचं गणित वेगळं, तिथे १ घनमीटर म्हणजे किमान १६७ किलो धरतात.

मेलबर्नहून

ऑस्ट्रेलियाला येणाऱ्यांसाठी मुद्दाम सविस्तर लिहितो. इथे जकातीपेक्षा जैवसुरक्षेची तपासणी मोठी. लाकूड, गवत, बिया, वाळकी पानं, कातडं आणि माती, यातलं जे काही पेटीत असेल ते जाहीर करायचं. आपल्या घरात या गोष्टी किती आहेत ते एरवी लक्षातच येत नाही. केरसुणी, वेताची परडी, चौरंग, पाट, रवी, पूजेच्या डब्यातल्या सुपाऱ्या, दर्भ, गेल्या दसऱ्याचं दारावरचं तोरण, तबल्याची पुडी, ट्रेकिंगच्या बुटांच्या तळातली सह्याद्रीची माती.

आम्ही दोघांनी एक रविवार त्यासाठीच दिला. बूट आणि मुलांच्या सायकलची चाकं दात घासायच्या ब्रशनं धुतली. केरसुणी, परडी, दर्भ, सुपाऱ्या ठेवून आलो. प्रश्न होता सागवानी देवघराचा. वडिलांनी कणकवलीच्या सुताराकडून करून घेतलेलं. सगळे म्हणत होते नेऊ नका. मी ते उन्हात काढलं, टॉर्च घेऊन प्रत्येक सांधा पाहिला, कुठे किडीचं भोक, भुसा, साल राहिली आहे का. नव्हती. यादीत 'पूजेचं सामान' असं मोघम न लिहिता 'सागवानी देवघर, पॉलिश केलेलं' असं लिहिलं आणि ती पेटी कंटेनरच्या दाराशी ठेवायला सांगितली, म्हणजे तपासणीला सहज निघेल. कीड सापडली असती तर धुरी द्या, परत पाठवा किंवा नष्ट करा, असे पर्याय होते आणि खर्च आमचा. त्यांनी पेटी उघडली, पाहिली, सोडली. काहीही झालं असतं तरी मला ते न्यायचं होतं. फक्त त्यासाठी करायची मेहनत आधी माहीत असली पाहिजे.

पॅकिंगवाले लाकडी खोका वापरणार असतील तर त्यावर उष्णतेनं प्रक्रिया केल्याचा आंतरराष्ट्रीय शिक्का आहे का ते बघा (लाकडाचा गाभा ५६ अंशांवर सलग ३० मिनिटं तापवतात).

दुबईहून

खसखस आणू नका. अनारशांसाठी चमचाभरसुद्धा नाही. इथे ती अमली पदार्थांत मोडते. बाकी नागलीच्या पापडापासून कोकमापर्यंत इथे सगळं मिळतं.

लंडनहून

जुन्या मूर्तीबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. आमच्या देवांत पितळेची एक अन्नपूर्णा आहे, खापरपणजीच्या माहेरची म्हणतात. १९७२च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे १०० वर्षांहून जुनी मूर्ती खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. जुन्या हस्तलिखितांना ७५ वर्षांची मर्यादा आहे. आजोबांची जुनी पोथी असेल तर तीही याच नजरेनं बघा. वस्तू तितकी जुनी नसेल तर पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याकडून तसं प्रमाणपत्र मिळतं. अन्नपूर्णेचं वय घरातच सगळे शंभरावर सांगत, म्हणून ती नाशिकला धाकट्या जावेकडे दिली. तिच्याकडे रोज पूजा होते आणि मला तेच हवं होतं. इकडे येताना तुळशीबागेतून नवी आणली.

ब्रिटनला येणाऱ्यांनी घर हलवण्याच्या करसवलतीचा अर्ज सामान निघण्याआधीच करावा. त्यात वस्तूंची यादी लागते.

कोल्हापूरहून

मी कुठे गेले नाही. मुलगा-सून सिंगापूरला गेली आणि त्यांचं निम्मं घर आमच्याकडे आलं. मागे राहणाऱ्यांच्या बाजूनं लिहिते, ताई.

ठेवलेलं सामान जसंच्या तसं राहत नाही. आमच्याकडचा पावसाळा गादीला, चामड्याच्या पट्ट्यांना, लग्नाच्या अल्बमला बुरशी आणतो. वॉशिंग मशीन बंद राहून त्याचं रबर चिरलं. इन्व्हर्टरची बॅटरी संपली ती संपलीच. स्टीलची भांडी आणि लोखंडी कपाट तेवढं धड राहिलं. तेव्हा यंत्रं आणि गाड्या निघण्याआधी विका किंवा देऊन टाका. लेकीची सायकलही. परत याल तेव्हा ती अकरा वर्षांची असेल.

जे ठेवाल त्याबद्दल "वापरा" की "हात लावू नका" ते स्पष्ट सांगून जा. सुनेनं साड्यांच्या कपाटाच्या दाराला आतून यादी चिकटवली होती. कुठली वर्षातून एकदा उन्हात द्यायची, कुठली मी नेसायची. तिच्या दोन इरकली मी नेसते, फोटो पाठवते, तिला आनंद होतो.

कागद मात्र एकही मागे ठेवू नका. लेकीचा जन्मदाखला, शाळेचा दाखला, लसीचं कार्ड, तुमचा लग्नाचा दाखला, पदव्या. आणि हे कंटेनरमध्ये नको, हातातल्या बॅगेत. कुठल्या कागदावर अपोस्टील, म्हणजे तो परदेशात चालावा म्हणून केलेलं सरकारी प्रमाणन, लागेल का ते आत्ताच विचारून घ्या. मुलाला तिकडे लग्नाचा दाखला अचानक लागला. तो आमच्या बँकेच्या लॉकरात, आणि लॉकर मुलाच्या एकट्याच्या नावावर.