सोसायटीतील धूरफवारणी : आग्या मोहोळ आणि कमळाच्या टाकीचं काय?

डेंग्यूमुळे शनिवारी सकाळी ७ ला सायफेनोथ्रिन (पायरेथ्रॉइड गटातलं कीटकनाशक) आणि डिझेलचा धूर मारणार आहेत. पिंपळावर आग्या मोहोळ, खाली टाकीत गप्पी आणि चतुरांच्या अळ्या. काय जपावं?

रानवाटा : आधी वेळ बदलून घ्या. सकाळी माश्या फुलांवर असतात. अमेरिकेत साउथ कॅरोलिनात ऑगस्ट २०१६ मध्ये झिका पसरवणाऱ्या डासांसाठी सकाळी विमानातून नालेड हे कीटकनाशक फवारलं आणि लाखो मधमाश्या मेल्या. सूर्यास्तानंतर माश्या पोळ्यावर परततात. पण आग्याचं पोळं उघड्यावर असतं, सातेरीसारखं ढोलीत नाही. म्हणून पिंपळाची बाजू पूर्ण वगळा, वाऱ्याची दिशाही बघा. धुराने माश्या उठल्या तर डंखाचा धोका वेगळाच.

पाणवठा : पायरेथ्रॉइड गप्पीसारख्या माशांना अगदी कमी मात्रेतही घातक. टाकी प्लॅस्टिकने घट्ट झाका आणि हवेचा पंप बंद ठेवा, नाहीतर तोच धूर पाण्यात ओढतो. धूर विरला की लगेच उघडा. गप्पी गुदमरायला नकोत.

डबकेशोधक : मुळात धुराने फक्त उडणारे डास मरतात, अळ्या तशाच राहतात. आठवड्याभरात नवे डास तयार! कुंड्यांखालच्या बशा, कूलर, टायर दर आठवड्याला कोरडे करा, घासूनसुद्धा, कारण एडिसची (डेंग्यूच्या डासाची) अंडी कडेला चिकटतात. उपसता न येणाऱ्या पाण्यात बीटीआय (डासांच्या अळ्या मारणारं जिवाणूंपासूनचं औषध) टाका, मात्रा लेबलप्रमाणे. चतुरांना त्याचा त्रास नाही. टेमेफॉस हे रासायनिक अळीनाशक मात्र कमळाच्या टाकीत नको. आणि डासांच्या अळ्यांसाठी सोडतात तो गंबुशिया मासा तर नकोच, बेडकांची पिल्लंही खातो.

रानवाटा : घरात रुग्ण असेल तर धूर टाळू नका, त्या घरापुरता आतून मारा.