म्यानमारच्या लष्कराशी जमवून घ्यायचं म्हणजे किती?

गोदाकाठ: काल इथे एकाने लिहिलं, "तिथे लष्कर असो की लोकशाही, १,६४३ किलोमीटरची सीमा सांभाळायची तर सत्तेवरच्याशी जमवून घ्यावंच लागतं." वाचून डोकं फिरलं. फेब्रुवारी २०२१ ला लष्कराने सत्ता बळकावली. २७ मार्चला राजधानी नेपिडोत त्याचं संचलन चालू असताना विरोध करणारी शंभरावर माणसं देशभर मारली गेली. त्या संचलनाला आपला लष्करी प्रतिनिधी हजर! जूनमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत ह्या लष्कराविरुद्ध ठराव आला, ११९ देश बाजूने, आपण चीन-रशियासोबत तटस्थ. त्याच महिन्यात म्यानमारकडून डाळ घ्यायचा करार, पाच वर्षं दरसाल अडीच लाख टन उडीद, लाख टन तूर. ह्यात सीमा कुठे आली?

सातपूरकर: मीच लिहिलं होतं. माझ्या भाच्याला एजंटने थायलंडची नोकरी सांगून म्यानमारच्या सीमेवरच्या म्यावाडीत नेऊन टाकलं. पासपोर्ट काढून घेतला, फसवणुकीचे मेसेज पाठवायला बसवलं. मार्च २०२५ मध्ये हवाई दलाच्या विमानांनी पाचशेवर भारतीय परत आले, त्यात तो होता. बोलणंच तोडलं असतं तर ताईला पोरगा दिसला असता का?

गोदाकाठ: पोरगा आला, बरंच झालं. पण ते फसवणुकीचे अड्डे ज्या हत्यारबंद टोळ्यांच्या आसऱ्याने वाढले, त्या वर्षानुवर्षं लष्कराच्याच पंखाखाली होत्या. त्यांना मोठं कोणी केलं तेही बोला.

निफाडचा शेतकरी: डाळीचं निघालंच आहे म्हणून सांगतो. परदेशाला पाच वर्षांचा शब्द, आणि आमच्या कांद्यावर डिसेंबर २०२३ ला एका रात्रीत निर्यातबंदी. लासलगावचे लिलाव बंद पडले. आम्हाला पाच दिवसांचाही शब्द नाही.

कॉलेजरोड: दादा, विषय म्यानमारचा आहे. आणि तूरडाळ दीडशेच्या पुढे गेली तेव्हा आम्ही काय खायचं होतं?

निफाडचा शेतकरी: मग लातूरच्या तुरीला भाव द्या ना! भाव चढला की आयात, पडला की आमचं नशीब. माझ्या चाळीतला कांदा उकिरड्यावर गेला तेव्हा कोणाला महागाई आठवली नाही. शहरवाल्यांनी मला विषय शिकवू नये.

कॉलेजरोड: आवाज खाली. माझे वडीलही सिन्नरचे शेतकरीच.

निफाडचा शेतकरी: मग त्यांनाच विचारा बंदी कशी लागते.

पंचवटीची सून: भांडा खुशाल, पण मिझोराम विसरू नका. २०२१ मध्ये केंद्राने सांगितलं, सीमेवरून येणाऱ्यांना अडवा. मिझोरामने ऐकलं नाही. म्यानमारच्या चिन जमातीचे लोक त्यांचे भाऊबंद, गावागावांनी त्यांना घरात घेतलं. आपण टिळकांची मंडालेची सहा वर्षं अभिमानाने सांगतो. त्याच देशात जुलै २०२२ मध्ये लष्कराने चार राजकीय कैद्यांना फाशी दिलं, त्यावर गणेशोत्सवात एक शब्द निघाला का?

सातपूरकर: संचलनाला माणूस पाठवायला नको होता, एवढं धरा. आमसभेत तटस्थ राहिलो ते चुकलं, हे मात्र मी मानत नाही. उद्या आपली माणसं पुन्हा अडकली तर फोन कोणाला लावायचा?

गोदाकाठ: फोन लावा. पण डाळ घेताना कैद्यांच्या सुटकेचा विषय काढायला कोणी हात धरला होता? गिऱ्हाईक आपण आहोत.

निफाडचा शेतकरी: काढा. आणि शब्द द्यायचाच तर आधी लासलगावला द्या.