प्रतीक्षेच्या पडद्यावर विनोद कशासाठी?

चौकस:
‘वाट पाहणाऱ्याला हसवले की प्रतीक्षा सुसह्य होते’ हे लोडिंग स्क्रीनवरील, म्हणजे काम होईपर्यंत दिसणाऱ्या पडद्यावरील, विनोदांविषयीच्या कालच्या लेखातील विधान वाचून राहवले नाही. खात्यातून रक्कम वळती झाली आहे, पावतीचा पत्ता नाही आणि पडद्यावर ‘आमच्या खारी जोरात धावत आहेत’ असे झळकत आहे, हा प्रसंग मी भोगला आहे. दहा सेकंदांहून अधिक वेळ लागणार असेल तर काम किती टक्के झाले ते दाखवावे, असे वापरसुलभतेचे तज्ज्ञ याकोब निल्सन यांनी १९९३ मध्येच लिहून ठेवले आहे.

खेळगडी:
त्याच १९९३ मधल्या ‘सिमसिटी २०००’ या संगणकीय खेळातल्या प्रतीक्षेच्या पडद्यावरचे ‘रेटिक्युलेटिंग स्प्लाइन्स’ हे निरर्थक वाक्य लोकांना आजही आठवते. ‘कृपया प्रतीक्षा करा’ कोणाच्या लक्षात राहिले आहे?

चौकस:
खेळात कोणाचे पैसे अडकत नाहीत, साहेब.

रात्रपाळी:
काम किती झाले ते दाखवणारी टक्क्यांची पट्टी खरे बोलते, हा भाबडेपणा आधी सोडा. पुष्कळ इन्स्टॉलर (संगणकावर नवे सॉफ्टवेअर बसवणारे प्रोग्रॅम) फायलींची संख्या मोजतात, आकार नव्हे. त्यामुळे हजार चिमुकल्या फायली झरझर उरकतात आणि एका अवाढव्य फायलीपाशी पट्टी ९९ टक्क्यांवर ठाण मांडते. काही पट्ट्या तर कामाशी संबंधच न ठेवता निव्वळ घड्याळावर सरकतात. आमच्या वरिष्ठांनी तशीच पट्टी माझ्याकडून करवून घेतली होती.

चौकस:
म्हणजे फसवणूक करायची आणि वर आम्हालाच भाबडे ठरवायचे! ही पट्टी बनवताना आपण नकार का दिला नाही?

रात्रपाळी:
नोकरी आपण देणार होतात का? शिवाय लोकांना पट्टी हवीच असते. संगणकशास्त्रज्ञ ब्रॅड मायर्स यांच्या १९८५ च्या प्रयोगातही सहभागींनी तिलाच पसंती दिली होती.

श्रोता:
पट्टीचे भांडण आवरले असेल तर माझेही ऐका. मी स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर, वापरतो. दर दोन सेकंदांनी बदलणारा प्रत्येक विनोद तो मला मोठ्याने वाचून दाखवतो आणि त्या गोंगाटात ‘जोडणी तुटली’ ही एकमेव कामाची सूचना हरवते. तुमचे स्मितहास्य माझ्या कानांवर का लादता?

खेळगडी:
ठीक आहे, पैशांच्या व्यवहारात खारींना सुट्टी द्या आणि विनोद स्क्रीन रीडरपासून लपवा. खेळांतूनही त्यांना हद्दपार करायचे असेल, तर चौकस यांनी तसा अर्ज तीन प्रतींत करावा.

चौकस:
खेळांत हवे तेवढे हसा. मला पावती हवी आहे.