शब्दचर्चा : अहिराणीतील ‘डोया’, ‘तुयस’ आणि ‘ळ’चे वय

विचारणा : खानदेशात डोळ्याला ‘डोया’, तुळशीला ‘तुयस’, फळाला ‘फय’ म्हणतात, बसस्थानकावरच्या पाटीवर ‘जळगाव’ असते आणि वाहक ‘जयगाव, जयगाव’ पुकारतो. अहिराणी जुनी असल्याने ‘य’च मूळ आणि ‘ळ’ नंतरचा, असे आमच्याकडील काही जाणकार सांगतात. ते ग्राह्य मानावे का?

उत्तर : बोली जुनी असली म्हणून तिच्यातला प्रत्येक ध्वनी जुना ठरत नाही. ‘य’ मूळ धरला, तर ‘पाय’ आणि ‘गाय’ यांतील ‘य’ देशावर तसाच राहिला, पण अहिराणीतल्या ‘काया’चा मात्र ‘काळा’ झाला, असे का घडले हे सांगावे लागेल. दोन्हीकडे मागे ‘आ’ असल्याने तसा नियम बांधता येत नाही. उलट ‘ळ’ मूळ धरला की ‘ळ’चा ‘य’ झाला, एवढे एकच विधान पुरते. शिवाय शेजारच्या गुजरातीतही ‘फळ’ आणि ‘काळो’ आहेत.

प्रतिप्रश्न : मग ‘तेल’, ‘गाल’, ‘काल’ यांचा ‘य’ का होत नाही?

उत्तर : प्रश्न मार्मिक आहे. संस्कृत ‘फल’, ‘शाला’ यांतील दोन स्वरांमधल्या एकेरी ‘ल’चा मराठीत ‘ळ’ झाला. ‘गल्ल’ किंवा ‘कल्यम्’पासून आलेले प्राकृत ‘कल्लं’ यांतील दुहेरी ‘ल्ल’चा मात्र साधा ‘ल’ उरला, म्हणून वेळ दाखवणारा ‘काळ’ आणि आजच्या आधीचा ‘काल’ वेगळे पडले. अहिराणीने नेमका पहिला गटच बदलला, म्हणजे ही फाटाफूट आधी झाली आणि ‘य’ नंतर आला. फारसीतून आलेले ‘शाल’, ‘माल’, ‘साल’, ‘सवाल’ हे शब्द मराठीत ‘ल’सकटच राहिले, ते येईपर्यंत ‘ल’चा ‘ळ’ होण्याचे थांबले होते. त्यामुळे ‘शाळा’ची ‘शाया’ होते, पण ‘शाल’ कुणी ‘शाय’ म्हणत नाही. ‘बालक’सारखे शब्द संस्कृतातून पुन्हा उसने घेतलेले असल्याने त्यांना या नियमाच्या विरोधात पुरावा म्हणून उभे करू नये. या पद्धतीने बदलांचा क्रम लागतो, सनावळी लागत नाही. ‘ळ’चा ‘य’ कोणत्या शतकात झाला हे केवळ या शब्दांवरून सांगणे धाडसाचे होईल.