शब्दचर्चा : ‘नारुतो’मधला ‘चाकुरा’ आणि आपले ‘चक्र’

प्रश्न : ‘नारुतो’ ही ॲनिमे मालिका मूळ जपानी आवाजात पाहताना ‘चाकुरा’ हा शब्द सतत कानांवर पडतो. पुढे कथेत ‘इंदोरा’ आणि ‘आशुरा’ नावाचे दोन भाऊही येतात. हे शब्द चक्र, इंद्र आणि असुर यांवरूनच आले असतील, तर मालिकेवर योगशास्त्राचा थेट प्रभाव आहे असे म्हणता येईल का?

उत्तर : शब्द मूळचे संस्कृतच आहेत, यात शंका नाही. मात्र ते जपानीत एकाच वाटेने आलेले नाहीत, आणि प्रभाव ओळखायचा असेल तर शब्द कोणत्या वाटेने आला आणि आल्यावर कोणते काम करू लागला, हे दोन्ही पाहावे लागते.

ही वाट जपानी लिखाणात डोळ्यांना दिसते. बौद्ध धर्माबरोबर चीनमार्गे शेकडो वर्षांपूर्वी आलेल्या संज्ञा कांजी या चिन्हलिपीत लिहिल्या जातात, तर अलीकडे परभाषांतून उचललेले शब्द काताकाना या ध्वनिलिपीत लिहितात. मासाशी किशिमोतो यांच्या मूळ चित्रकथेत (१९९९ ते २०१४, ७२ खंड) ‘चाकुरा’ काताकानात आहे. म्हणजे जपानी वाचकाला तो नव्याने आलेला, परका शब्द वाटतो.

परंतु जुन्या वाटेने आलेले चक्रही याच मालिकेत आहे, आणि ते सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. बौद्ध ग्रंथांची चिनी भाषांतरे झाली तेव्हा ‘धर्मचक्र’ या शब्दातील चक्रासाठी चाकाचे चिन्ह घेतले गेले. जपानीत त्या चिन्हाचा उच्चार ‘रिन’ असा होतो आणि धर्मचक्राला ‘होरिन’ म्हणतात. आता मालिकेतील एका अद्भुत डोळ्याचे नाव, ‘शारिंगान’, सुटे करून पाहावे : ‘शा’ म्हणजे नक्कल उतरवणे, ‘रिन’ म्हणजे चाक, ‘गान’ म्हणजे डोळा. ‘रिन्नेगान’ या दुसऱ्या अद्भुत डोळ्याच्या नावातील ‘रिन्ने’ हा तर ‘संसार’ या शब्दाचा बौद्ध प्रतिशब्द, म्हणजे जन्ममरणाचा फेरा. शारिंगान जागा होताना बुबुळाभोवती ठिपके गरगरतात, ते या ‘रिन’मुळे. एकच चाक दोन वाटांनी येऊन एकाच कथेत नांदते आहे, हे मला या मालिकेतील सर्वांत सुंदर भाषिक लेणे वाटते.

आता अर्थाकडे वळू. योगपरंपरेत चक्र हे शरीरातील स्थान आहे. शक्ती म्हणतात ती कुंडलिनीला. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात कुंकवाने न्हालेल्या नागाच्या पिलासारखी वेटोळे घालून निजलेली आहे ती कुंडलिनी. ‘नारुतो’त मात्र शरीराचे बळ आणि मनाचे बळ यांच्या मिश्रणातून तयार होणारी शक्ती म्हणजेच चाकुरा. ती संपते, साठवता येते, दुसऱ्याला देता येते. आपण चक्राबद्दल असे कधीच बोलत नाही.

ही शक्ती वाहते कशी, हे मालिकेतील नेजी या पात्राच्या लढतींत जवळून पाहायला मिळते. त्याच्या डोळ्यांना समोरच्याच्या देहातील वाहिन्या आणि त्यांवरील ३६१ बिंदू दिसतात. पायाखाली वर्तुळ उमटते आणि तो बोटांनी दोन, चार, आठ, सोळा, बत्तीस, चौसष्ट असे दुपटीने प्रहार करत त्या वाहिन्या बंद करतो. यातले ३६१ बिंदू चिनी सूचिचिकित्सेतले (ॲक्युपंक्चरमधले) आहेत, आणि आठ व चौसष्ट हे आकडे ‘यी चिंग’ या प्राचीन चिनी ग्रंथातील रेषाकृतींचे आहेत. म्हणजे नाव संस्कृत असले, तरी रचना चिनी आहे. त्यामुळे योगशास्त्राचा थेट प्रभाव असे न म्हणता, योगातील एक शब्द चिनी देहकल्पनेवर बसवला आहे, असे म्हणणे मला अधिक नेमके वाटते.

इंद्राचेही तसेच. जपानी बौद्ध परंपरेत इंद्राचे रूढ नाव ‘ताइशाकुतेन’ असे आहे, आणि त्यातील ‘शाकु’ म्हणजे आपला ‘शक्र’. लेखकाने हे नाव बाजूला ठेवून ‘इंदोरा’ हे काताकानातील रूप घेतले. मात्र भावांचे वैर आले आहे ते जुन्या बौद्ध कथेतून, जिथे ताइशाकुतेन आणि आशुरा यांचे युद्ध होते. त्या युद्धावरून आलेला ‘शुराबा’ हा शब्द आजच्या जपानीत भयंकर रणधुमाळीसाठी वापरला जातो. कथेत आशुरा हा सत्शील भाऊ आहे, याचे मराठी वाचकाला नवल वाटेल. पण बौद्ध परंपरेत असुर हे धर्मरक्षकही आहेत. नारा शहरातील कोफुकुजी मंदिरात इ. स. ७३४ मधील आशुराची मूर्ती आहे : तीन मुखे, सहा हात, आणि चेहरा एखाद्या चिंतित कोवळ्या मुलाचा.

शंका : मोठी माणसे मालिकेचा नायक नारुतो याला ‘गाकी’ म्हणतात आणि चिडलेली पात्रे ‘चिकुशो’ म्हणून ओरडतात. या साध्या शिव्या आहेत की यांमागेही काही आहे?

उत्तर : हे दोन्ही शब्द बौद्धांच्या सहा गतींमधले आहेत. देव, असुर, मनुष्य, तिर्यक्, प्रेत आणि नरक या त्या गती. पेन या पात्राच्या सहा देहांना हीच नावे आहेत आणि तिथे ती जुन्या कांजीतच लिहिलेली आहेत. ‘चिकुशो’ म्हणजे तिर्यक् योनीतील जनावर. ‘गाकी’ म्हणजे कायम भुकेले प्रेत. सदा खा-खा करणाऱ्या पोरांना ते नाव चिकटले आणि पुढे कोणत्याही व्रात्य मुलाला लागू झाले. मराठीत मी ‘गाकी’साठी ‘कार्टं’ हा शब्द सुचवेन. त्यात राग आहे आणि मायाही आहे, जशी नारुतोचा गुरू जिराइया याच्या तोंडी असते.

शंका : ‘एदो तेन्सेइ’ या विद्येतील ‘एदो’ म्हणजे तोक्योचे जुने नाव का?

उत्तर : नाही. उच्चार तोच असला तरी चिन्हे वेगळी आहेत. इथे ‘ए’ म्हणजे मलिन आणि ‘दो’ म्हणजे भूमी. ‘तेन्सेइ’ म्हणजे पुनर्जन्म. याचा विरुद्धार्थी शब्द ‘जोदो’, म्हणजे अमिताभ बुद्धाची शुद्ध भूमी. जपानी भिक्षू होनेन यांनी ११७५ मध्ये स्थापलेला पंथ याच नावाने ओळखला जातो. मालिकेत मृतांचे जग ‘जोदो’च आहे. म्हणून ती विद्या वापरली जाते तेव्हा शवपेटी जमिनीतून वर येते, बळी दिलेल्या देहाभोवती धूळ आणि राख जमत जाते आणि शुद्ध भूमीतून ओढून आणलेला माणूस तडे गेलेल्या कातडीनिशी या मलिन भूमीवर डोळे उघडतो.