लंडनच्या पहिल्या भुयारी रेल्वेत धुराचं काय करायचे?

कळवेकर: काल पुण्याहून येताना गाडी पारसिकच्या बोगद्यात शिरली आणि लेकीने विचारलं, कोळशाचं इंजिन असतं तर? लंडनला १८६३ मध्ये वाफेवरच भुयारी रेल्वे सुरू झाली, एवढंच सांगता आलं. लोक गुदमरत नसत का?

जुनी_इंजिनं: गुदमरत. पॅडिंग्टन ते फॅरिंग्डन असा तो मार्ग, रस्ता खोदून वर छत घालून केलेला. बोगद्यात ड्रायव्हर वाफ चिमणीतून न सोडता नळीने बाजूच्या पाण्याच्या टाक्यांत वळवायचा, तिथे तिचं पाणी व्हायचं. पण धूर कुठे जाणार? सुरुवातीला कोक, म्हणजे भट्टीत भाजलेला कोळसा, जाळत. त्याचा धूर कमी, तरी गंधकाचा उग्र वास येई आणि घसा खवखवे. हवेसाठी पुढे रस्त्यात झरोके पाडले. त्या ड्रायव्हरचं आणि भट्टीत इंधन टाकणाऱ्या फायरमनचं मला फार वाईट वाटतं. प्रवासी उतरून जात, ते दिवसभर तिथेच.

नौपाड्याची_आजी: डब्यात उजेड कसला?

जुनी_इंजिनं: गॅसचे दिवे, आजी. गॅस टपावरच्या रबरी पिशव्यांत भरलेला. डबे तीन वर्गांचे. कामगारांसाठी १८६४ पासून पहाटे स्वस्त गाड्या होत्या, मला हीच गोष्ट सगळ्यांत मोलाची वाटते.

कळवेकर: मग वीज कधी आली?

जुनी_इंजिनं: १८९० मध्ये खोल बोगद्यातली वेगळी लाईन विजेवर सुरू झाली. तिच्या डब्यांना खिडक्या म्हणजे नुसत्या फटी! या जुन्या मार्गावर वीज १९०५ मध्ये आली. लेकीला हेही सांगा, बोरीबंदर-ठाणे गाडी त्या भुयारी रेल्वेच्या दहा वर्षं आधीची, १८५३ ची.